साडेचार पानांचा शब्द

"सेट," कवळीवाले म्हणाले. मग जरा थांबून, "सेटसेट सेट?" आणि डाव्या हाताने भाताची वाटी सरकवली.

अजून एक घासही पोटात गेला नव्हता. बायको चमचा धरून बसून राहिली. कवळीवाल्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. चाळीस वर्षं या माणसाने गावातल्या बोळक्यांना दात बसवून दिले, आणि आता त्याच्याच तोंडात घास जाईना.

तीन आठवड्यांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कवळ्यांच्या कारखान्यात दिवसातून पन्नासदा म्हटलेला एक इंग्रजी शब्द तेवढा मागे उरला. वरचा सेट, खालचा सेट, प्लास्टर सेट झालं का बघ. दूध हवं असो की उशी, कवळीवाले तेवढंच म्हणत. उशी, दूध हे ती खुणेने ओळखायची. पण जेवताना ते जे काही विचारत होते ते तिला कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय ते जेवत नव्हते.

"सोमवारपर्यंत असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टर सांगून गेले होते.

आधी तिला वाटलं, कवळी टोचत असेल. तिने ती काढली, धुतली, पुन्हा बसवली. तोंड बंद. मग ती शेजारच्या मास्तरांकडे गेली. मास्तर इंग्रजीचे, निवृत्त. कोणी विचारलं नाही तरी शिकवणारे, आणि इथे तर चक्क विचारलं होतं. ते तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर शब्दकोश घेऊन आले.

"वहिनी, या एका शब्दाला साडेचार पानं आहेत. इंग्रजांना दुसरे शब्द मिळाले नाहीत की काय, कोण जाणे!"

मग दोघांनी ती पानं धरली. सूर्य मावळणे. तिने पडदा उघडून दाखवला. दही लागणे. दही आणलं. केस बसवणे. तिने भांग पाडून दिला, कवळीवाल्यांनी तो विस्कटला. निसटलेलं हाड बसवणे. तिने खांदा चेपला. सापळा लावणे, गलबत हाकारणे आणि कुणाला भरीस घालणे यांचं काय करायचं ते मास्तरांनाही सुचेना. घड्याळ लावणे. इथे तिला जरा आशा वाटली, कारण विचारताना कवळीवाले तिच्या मनगटाकडेच बघत असत. तिने घड्याळ मिनिटाला मिनिट जुळवलं आणि त्यांच्यापुढे हात धरला. पट्टा सैल झाला होता, घड्याळ घसरत कोपरापर्यंत गेलं. कवळीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताट मांडणे!" तिसऱ्या पानावर मास्तर ओरडले. "हेच असणार!"

तिने टेबल पुसलं. पाहुण्यांसाठी ठेवलेलं चांगलं ताट काढलं, पेला घासून ठेवला, खुर्चीत उशी लावून नवऱ्याला बसवलं. एक ताट, एक पेला, एक चमचा. कवळीवाल्यांनी टेबलावरून नजर फिरवली, तिच्याकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्याने "सेट!" म्हणाले की मास्तर शब्दकोश मिटून घरी गेले.

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिचं डोकं चालेनासं झालं होतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचा एक शब्द तिला समजत नव्हता.

शनिवारी बोलणं शिकवणारी बाई आली. तिने अर्धा तास कवळीवाल्यांना बोलतं केलं, मग टेबलावरचा मास्तरांचा कागद उचलला. त्यावर बासष्ट अर्थ लिहिलेले होते, सत्तावन्नांवर काट मारलेली.

"काकू, हे सगळं सोडा. झटक्यानंतर कधी कधी एकच शब्द तोंडात राहतो. त्याला अर्थ नसतो."

"अहो, पण ते काहीतरी विचारतायत!"

"विचारतायतच. पण शब्दात नाही. चाल ऐका."

बाई गेली तेव्हा दोन वाजत आले होते. तिने मऊ भात वाटीत घेतला, टेबलावर ठेवला आणि पाणी आणायला वळली. चाल ऐका म्हणे! पोपट पाळलाय का मी, ती मनात चडफडली. तिने नळ सोडला.

"सेट," पाठीमागून आवाज आला. "सेटसेट सेट?"

तिचा हात नळावरच थांबला. हे तिने ऐकलं होतं. असंच, पाठमोरी, याच जागी उभी राहून. कवळीवाले दोनला कारखान्यातून यायचे, दारात बूट काढता काढता आत आवाज द्यायचे. तिचं उत्तर ठरलेलं: "नाही." मग ती दोन ताटं घ्यायची आणि दोघं जेवायला बसायची. चाळीस वर्षं रोज.

अगं. जेवलीस का?

तीन आठवडे ती मोरीपाशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकत होती, तेही आठवलं तर.

तिने नळ बंद केला आणि वळली. "नाही हो," ती म्हणाली. "कालपासून नाही."

कवळीवाल्यांनी डाव्या हाताने वाटी सरकवली. या वेळी तिने वाटी कुठे जातेय ते पाहिलं. ती तिच्या बाजूला येत होती. रोज तिच्याच बाजूला येत होती.

तिने खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसली आणि पहिला घास स्वतः खाल्ला. दुसऱ्यासाठी कवळीवाल्यांनी आ केला.