ओवलेली सुई

आत्या नव्वदी ओलांडून गेली, तीही आमच्या शिलाईच्या दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. आम्हा पोरक्या बहीणभावाला तिनेच वाढवलं, हातात कात्री दिली, चुकलं की कान उपटले.

तिला शेवटपर्यंत चष्मा लागला नाही. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची आणि पहिल्या झटक्यात सुई ओवायची. मला ते कसंसंच वाटायचं. मी टोकाला मेण लावते. तरी ओवायला वेळ लागला की "तुझे डोळे काय शोभेला दिलेत?" असं वर मलाच हिणवायची.

ती गेल्यावर आज पहिल्यांदा दुकान उघडलं. दुपारी काजं करायला बसले, तर काही केल्या दोरा नेढ्यात जाईना. वैतागून सुई समोरच्या कापडात खोचली आणि पदराने डोळे पुसले.

बघते तर सुई ओवलेली.

"दादा, तू ओवलीस?"

"मी मशीनवरून उठलोय तरी का? आत्याच आली असेल. तिला खोळंबलेलं काम कुठे बघवतं!"

मला हसू आलं, भरूनही आलं. तिच्या रिकाम्या खुर्चीला मनोमन हात जोडले आणि गाठ मारायला टोक चिमटीत धरलं.

ते ओलं होतं. आणि कोमट.