अडलेला उखाणा

हौसाबाईंच्या मनगटावर दवाखान्यानं बांधलेली, रक्तातला बदल दाखवणारी पट्टी अजून पिवळीच होती. जिभेवर कर्करोगाची गाठ, आणि डॉक्टरीणबाईंनी ती मुद्दाम तशीच ठेवून औषध चालू केलेलं. त्या औषधानं अंगातल्या शिपायांनी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींनी, आधी गाठीतल्या चोराचं तोंड नीट ओळखायचं. ते ओळखलं की पट्टी हिरवी होणार, आणि मगच चाकू लागणार.

"अर्धी जीभ गेली, तर पुतणीच्या लग्नात उखाणा कोण घेईल?" हौसाबाईंना एवढाच घोर.

"मी घेतो की!" नवरा रंगनाथ सरसावला. "चुलीवरची भाकरी फुगली टम्म, हौसाचं नाव घेतो..." आणि तिथंच अडला.

"अवो, उखाणा हाय का दवंडी?" हौसाबाई खळखळून हसल्या. पदर सावरायला हात वर केला, तर हिरव्या बांगड्यांशेजारी पट्टीही हिरवीगार झालेली!

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. "औषधानं गाठ इतकी आटली, की शोधायला भिंग घ्यावं लागलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हरभऱ्याएवढा तुकडा काढला, बाकी जीभ तुमचीच. आज मात्र बोलायचं नाही."

"चला, एक दिवस तरी निवांत!" रंगनाथ डोळे पुसत म्हणाला.

तशी हौसाबाईंनी सुजल्या जिभेनं, बोबड्या बोलात सुरुवात केली, "चुलीवरची भाकरी फुगली टम्म, रंगनाथरावांचं नाव घेते, जिभेत अजून हाय दम!"