मायचा महिना

अन्नपूर्णाबाईंनी नूडल्सचा एक लांब धागा दोन बोटांत उचलला, वर धरून पाहिला आणि तोंडात सोडला. मग दुसरा. चमचा प्लेटशेजारी तसाच पडला होता.

"खाऊ दे हातानंच," संजीवनी म्हणाली. "घरी भाकरीचा घास तोंडात धरून बसते. गिळतच नाही."

धाकट्या छायाने चमच्याकडे नेलेला हात मागे घेतला. चिखलीच्या स्टँडमागचं कादरचं हे चायनीज सेंटर दोघी बहिणींना मधल्या वाटेवर पडायचं. संजीवनी अमडापूरहून यायची, छाया बुलढाण्याकडच्या देऊळघाटहून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माय, अन्नपूर्णाबाई, एकीच्या घरून दुसरीच्या घरी जायची. इथे दाराला पायरी नव्हती आणि कादरच्या बिनमिरचीच्या नूडल्स मायला गिळता यायच्या, म्हणून भेट इथेच. आज न्यायची पाळी छायाची होती.

दुपारची गर्दी ओसरली होती. शेगडीपाशी कादर पत्ताकोबी चिरत होता.

"ताई," छाया म्हणाली, "या महिन्यात मी मायले नेत नाही."

संजीवनीने ग्लास खाली ठेवला. "काऊन? घरी काई झालं काय?"

"काई नाही झालं. मले होत नाही आता."

भांडण होईल म्हणून छायाने येताना गाडीत उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. संजीवनीने मायचा डावा हात जवळ ओढला आणि झंपराची बाही वर सारली. मनगटाच्या वर चार बोटांचा निळा वळ होता.

"पडली काय?"

"नाही. मी." संजीवनी मायच्या हाताकडे बघतच बोलली. "रात्र रात्र झोपू देत नाही वं. उठते, कडी काढते, म्हणते मले घरी जायचं हाय. परवा मी हात धरला. रडली, तरी सोडला नाही. मले सोडताच आला नाही."

मायने हात सोडवून घेतला आणि प्लेट धरली.

टेबलावर सांडलेलं पाणी छायाने उगाच बोटाने पुसलं.

"मी तिले मोरीत लोटलं होतं," ती म्हणाली. "दिवाळीच्या आंधी. अंगावर पाणी घेऊ देईना. पडली नाही, भिंतीले टेकली. पण लोटलं मी. तवापासून मले माझंच भेव वाटते. म्हणून नेत नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मायचं चावणं थांबलं. तिने आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि प्लेट टेबलाच्या मध्यावर सरकवली.

"जेवा वं पोरीहो. कोणाच्या लेकी तुम्ही? तुमची माय वाट पाहत असन."

छायाने हात पुढे केला. नूडल्स गार झाल्या होत्या. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे पहिल्या घासाला कळलं. मग संजीवनीनेही घास घेतला. माय दोघींकडे समाधानाने बघत राहिली.

प्लेट संपल्यावर छाया म्हणाली, "पंधरा दिवस नेते. महिना लय होते आपल्याले. पंधरा दिवसानं तू ये, इथंच. आन तुह्याकडं असली, हात उचलावा वाटला, की मले फोन लावजो. रात्र असो का काई असो. मीबी लावीन."

"लावून काय बोलू?"

"काई नको बोलू. नुसता लाव."

संजीवनीने मान हलवली. छायाने मायची बोटं एकेक करून पुसली. दोघींनी तिला दोन बाजूंनी उठवलं आणि बुलढाण्याच्या गाडीपर्यंत नेलं. छाया तिला घेऊन चढली; मायला खिडकीची जागा मिळाली. तिने खाली उभ्या असलेल्या संजीवनीला ओळख नसल्यासारखा नमस्कार केला.

अमडापूरच्या गाडीला वेळ होता. संजीवनी परत कादरकडे आली.

"एक प्लेट द्या दादा. माह्यासाठी. चांगली तिखट."

कादरने कढईत मूठभर हिरवी मिरची टाकली. ठसका साऱ्या दुकानात गेला. त्याने प्लेट आणली तेव्हा संजीवनी टेबलावर हाताच्या घडीत डोकं ठेवून झोपली होती.

"ताई," त्याने एकदा हळूच हाक मारली.

मग त्याने तिच्या प्लेटवर दुसरी प्लेट पालथी घातली. दारात एक नवरा-बायको लेकराला घेऊन आले. कादरने तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना बाहेरच्या बाकाकडे हात केला.