परत न आलेले

“इथं पालक म्हणून सही करा, आप्पा. आजच्या टपालानं फॉर्म गेला नाही, तर जागा जाईल.”

शिवकन्यानं औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर कागद सरकवला. रेवणसिद्धआप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. साल पंच्याण्णव. शिवनाम सप्ताहाचा पाचवा दिवस. चौकातल्या भोंग्यातून कीर्तनकार महाराजांचा गोड आवाज येत होता आणि आप्पांचा अर्धा जीव तिकडंच होता. बरणीतल्या सुट्या गोळ्या जाऊन चकचकीत पाकिटं नुकती आली होती, तरी केज गावातली माणसं अजून डॉक्टरच्या चिठ्ठीआधी आप्पांचा शब्द घ्यायची.

“औषध विकायचं सोडून, विकलेल्या औषधामागं फिरायचं शिक्षण? तेबी दिल्लीला, दोन वर्षं?”

“एकच औषध हजारो माणसं घेतात, आप्पा. कुणाला गुण येतो, कुणाला बाधतं, ते शोधायचं. आता बाहेरच्या कंपन्या येतायत, रोज नवी गोळी. पुढं या कामाला माणसं लागणार.”

“त्याला दोन वर्षं कशाला? मी रोज करतो की. बघ.”

आश्रुबा पायरीवर टेकला होता. आप्पांचा टाळकरी जोडीदार.

“काय बे, सांधेदुखीची गोळी मानवली का?”

“लई गुणाची हाय. अजून एक पाकीट दे.”

“ऐकलंस?” आप्पा लेकीकडं वळले. “वीस वर्षं झाली, परत आलेल्या प्रत्येकाला इचारतो. एकानंबी वंगाळ सांगितलं न्हाई.”

“आणि जे परत आलेच नाहीत, ते?”

आप्पा हसले. आश्रुबा हसला नाही. उपरण्याच्या टोकाशी चाळा करत बसला.

“कावून गप झाला बे?”

“आमच्या गल्लीतल्या बायनाबाईला न्हाई मानवली.” आश्रुबा खाली बघूनच बोलला. “हीच गोळी. पोटातून रगत गेलं. महिनाभर बीडच्या दवाखान्यात व्हती.”

“आन् मला कुणी सांगितलं न्हाई?”

“तिनंच शपथ घातलती. म्हणली, आप्पानं मायेनं दिलती, त्याला लई लागंल. आता देवळातबी मागच्या वाटेनं जाती, तुझ्या दुकानावरून नको म्हणून.”

आप्पांचा हात पाकिटावरच थांबला. भोंग्यात टाळ वाढले. महाराजांनी आप्पांच्या आवडीचा अभंग घेतला होता. एरवी त्यांनी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून मान डोलवली असती. आज त्यांना तो ऐकूच आला नाही. आश्रुबानं पुढं केलेल्या हातावर त्यांनी पाकीट ठेवलं नाही, मागं घेतलं.

मग चष्मा खाली ओढून त्यांनी सही केली. नेहमीची झोकदार नाही. एकेक अक्षर जपून.

शाई वाळेपर्यंत कागद त्यांनी हातातच धरला.

“शिवे,” ते हळूच म्हणाले, “दोन वर्षांत सगळ्या गल्ल्या फिरून होतील का गं?”