वरच्या मजल्यावरची देको

“तुमचं उठणं-बसणं कोणाबरोबर असतं?” सिस्टर गुनिलानं पुन्हा विचारलं. मास्कमुळं तिचे फक्त डोळे दिसत होते.

“कोणाबरोबरच नाही,” सागल म्हणाली. “एकटीच असते मी.”

स्वीडनमधल्या या बोरलेंगे गावात एवढी सोमाली माणसं, आणि त्यातली ही एकटी! गुनिलाला ते पटलं नसावं, पण ती चिडली नाही. “हे बघा, क्षय औषधानं बरा होतो. त्यापायी तुम्हाला कोणी देशाबाहेर काढत नाही. पण तुमच्या खोकल्यातून तो आणखी कोणाला लागला असेल, तर त्यालाही वेळेत गाठायला हवं. तुमचं नाव आम्ही बाहेर जाऊ देत नाही.”

सागल खिडकीबाहेरच्या बर्फाकडं बघत राहिली. नाव बाहेर जात नाही म्हणे! इथं कोणी शिंकलं, की तिकडं नैरोबीत रुमाल निघतात. नैरोबीत तिचा नवरा व्हिसाची वाट बघत होता, आणि त्याच्या कानाशी त्याची आई होती. सागलची एक मावशी या दुखण्यातून खडखडीत बरी झाली होती, तरी मरेपर्यंत तिचं ताट वेगळंच राहिलं. म्हणून तर सागलनं दुभाष्याही नाकारला होता. तो आपल्यातलाच निघायचा.

त्यातून सगळ्यात मोठी भीती देकोची. सागलच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहणारी देको. सागल नवी नवी आली तेव्हा न घसरता बर्फावरून चालायला तिनंच शिकवलं होतं. माणूस मायेचं, पण जिभेला हाड नाही. तिला कळलं म्हणजे गावाला कळलं.

गुनिला उठून दाराशी गेली. तेवढ्यात सागलच्या डोळ्यांपुढं सुबेर उभा राहिला. देकोचा मुलगा, अजून धड चालतही नव्हता. देको स्वीडिश शिकायला गेली, की दुपारभर तो सागलच्या मांडीवर झोपायचा. त्याच्या मऊ केसांत तोंड खुपसून ती कितीदा खोकली होती.

“थांबा, सिस्टर.” तिनं हाक मारली. “देको वारसामे. माझ्या वरच्याच घरात. तिला लहान मुलगा आहे. आधी त्याला बघा.”

गुनिला दारातून मागं फिरली. तिनं सागलच्या खांद्यावर हात ठेवला. “फार बरं केलंत.”

त्यानंतर देकोचा फोन आला नाही. एरवी ती रागावली की दुप्पट बोलायची. गप्प बसण्याइतका राग तिला कधी आला नव्हता. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या सागलनं ते मनाशी मान्य करून टाकलं. मैत्रीण गेली.

खोकला थांबला. अंगात थोडी ताकद आली. आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही, असं सांगून डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. पुढं तपासणीसाठी ती दवाखान्यात आली, तर बाकावर देको बसलेली. मांडीवर सुबेर. सागल आल्या पावली मागं वळली.

“पळतेस कुठं?” देकोचा आवाज अख्ख्या दालनात घुमला. “बस इथं.”

सागल बाकाच्या टोकाला टेकली. सुबेरनं ओळखून हात पसरले. तिनं आपले मागं घेतले.

“घे त्याला. धडधाकट आहे तो.”

“खरंच?” सागलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पोर तिच्या कुशीत शिरलं. “देको, तुझं नाव मीच सांगितलं गं. काय बोलायचं ते बोलून घे.”

देकोनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “आजार होऊ नये म्हणून त्याला औषध तुझ्या आधीपासून चालू आहे,” ती म्हणाली. “पानगळीच्या वेळी बहिणीकडं जाते म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं. इथंच होते, वरच्या वॉर्डात. आजार मला होता. तो तुला बहुतेक माझ्याकडूनच आला. सिस्टरनं मलाही माणसं विचारली होती. मी तुझं नाव घेतलं नाही.”

सागलला राग यायला हवा होता. पण छातीवरचा धोंडा असा काही उतरला होता, की रागाला जागाच सापडेना. पोराला तिच्यापासून काही झालं नव्हतं. “का नाही घेतलंस?” तिनं हळूच विचारलं.

सुबेर तिच्या खांद्यावर झोपून गेला होता. देको त्याच्याकडं बघत म्हणाली, “तुला कळलं असतं, तर जवळ घेतलं असतंस का त्याला?”

“नसतं घेतलं,” सागल म्हणाली, आणि झोपलेल्या पोराला तिनं आणखी जवळ ओढलं.