एकटा खांब

टेकडीवरच्या गंजलेल्या लष्करी अँटेना कशासाठी होत्या, हे शोधणाऱ्या मुलीने मला, तिथल्या जुन्या वायरलेसवाल्याला, वर नेलं. "शत्रूचा लपलेला रेडिओ कुठून बोलतोय, ते हे गोलातले खांब शोधायचे," मी म्हणालो. "पण बोट दोन्हीकडे दाखवायचे, उत्तरेलाही, दक्षिणेलाही." "मग हा एकटा खांब?" "दोन्हींपैकी खरी बाजू सांगायला." तिने लिहिलं. "म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही." मी मान हलवली. पण युद्धातल्या त्या एका दुपारी ड्यूटीवर पोटात कावळे ओरडत होते. एकट्या खांबाचं बटण न दाबताच 'दक्षिण' कळवून जेवायला गेलो. दक्षिणेला सैनिकांना रेडिओ सापडले ते माझ्या मेहुण्यांच्या, ताईच्या नवऱ्याच्या, दुरुस्तीच्या दुकानात. त्यांना नेलं ते नेलंच. शत्रूचा रेडिओ उत्तरेला होता, हे नंतर कळलं. मला वाढताना ताई अजून विचारते, "तू तर तिथेच होतास. कुणी रे त्यांच्याकडे बोट दाखवलं असेल?"