तिसावा फॉर्म

सुपरवायझर पॅकिंगच्या बायकांतूनच निवडायची होती. त्यासाठी स्वभाव तपासायचा की अंगचे गुण, यावर घोटावड्याच्या कारखान्यातल्या साहेबलोकांनी दोन महिने मीटिंगा झोडल्या. अखेर एकाच फॉर्मवर दोन्ही चाचण्या घेतल्या, त्याही इंग्रजीतून!

तीस बायकांत इंग्रजी वाचणारी एकटी शीतल. जेवणाचा डबा न उघडता तिने एकेकीला प्रश्न समजावले आणि एकोणतीस जणींचे फॉर्म भरून दिले.

"आगं, तुजा कोराच हाय की!" भिमाबाई ओरडली, तोवर भोंगा झाला आणि साहेबांनी फॉर्म गोळा केले.

आठवड्याने निकाल लागला. दोन्ही चाचण्यांचे निकाल तंतोतंत जुळले म्हणून साहेब खूश होते.



शीतलच्या नावापुढे दोन्हीकडे एकच शेरा होता: 'सहकार्याची वृत्ती नाही.'